दाते पाडू की सळ्या घालू?

प्रश्न : मोठ्या खोलीचे दोन भाग करायला मधे चार इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत घालतो आहोत. तिचं एक टोक जुन्या विटांच्या भिंतीला मिळतं. एक गवंडी म्हणतो, जुन्या भिंतीत दाते (एकाआड एक खाचा) पाडून नवी भिंत गुंतवू. दुसरा म्हणतो, आहे त्या प्लास्टरला ब्लॉक टेकवत चढवले की झालं. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको.

दात्यांचा मोह मलाही झाला होता. धंद्यात नवा होतो, पहिला प्रयोग स्वतःच्याच घरात केला. छिन्नीनं दाते पाडताना शेजारच्या तीन विटा खिळखिळ्या झाल्या. विटेचा थर सांध्यातल्या सिमेंटच्या मालासकट साधारण साडेतीन इंचांचा, ब्लॉकचा आठ. दात्याला ब्लॉक काही केल्या जुळेना. मग फटींत माल कोंबला. वर्षाच्या आत जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांची भेग उमटली. जुनी भिंत कधीच बसून गेलेली असते. नवी मात्र वाळताना आकसते, थोडी खालीही बसते. दोघींना करकचून बांधलं की ताण दाते मोडूनच मोकळा होतो.

प्लास्टरला टेकवणं त्याहून वाईट. तिथं भिंतीला आधार प्लास्टरचा, आणि ते आतून पोकळ झालेलं असलं तर कशाचाच नाही. बोटांनी ठोकून बघा, आवाजावरून कळतं.

करायचं ते असं. ओळंब्यानं जुन्या भिंतीवर दोन उभ्या रेघा मारा, नव्या भिंतीच्या जाडीपेक्षा इंचभर जास्त दोन्ही बाजूंना. तेवढं प्लास्टर विटेपर्यंत काढा, ब्रशनं धूळ झाडा. मग दर दोन थरांना, म्हणजे सोळा इंचांवर, विटेत चार इंच खोल भोक पाडा. भोक विटेच्या पोटात हवं, सांध्यातला जुना माल भुसभुशीत असतो. आतून वायरचा पाइप जात नाही ना, ते आधी बघा. या भोकात केमिकल (सळई घट्ट धरून ठेवणारा चिकट पदार्थ) भरून सळई बसवायची. पण भोकातली पूड फुंकून काढल्याशिवाय ते भरू नका. ही पूड राहिली की सळई दोन बोटांनी उपसून येते, हे मी साइटवर करून दाखवलेलं आहे. सळई सहा मिलिमीटरची, गॅल्व्हनाइज्ड, बाहेर किमान फूटभर. दहा फूट उंचीला अशा सातेक लागतील.

इथं एक गोम आहे. ब्लॉक जोडायच्या अॅडेसिव्हचा थर जेमतेम तीन मिलिमीटर, त्यात सहाची सळई मावणार कशी? ब्लॉकच्या माथ्यावर करवतीनं खाच पाडा (एएसी लाकडासारखा कापला जातो), सळई तिच्यात निजवा आणि वरून अॅडेसिव्ह भरा. गवंडी कंटाळा करून वरचा ब्लॉक तसाच दाबून बसवू बघतात. तेवढ्यापुरतं तिथं उभं राहा.

विटा आणि ब्लॉक यांच्यामधल्या उभ्या सांध्यात सेंटीमीटरभर माल पूर्ण भरा. दिवसाला चार-पाच फुटांच्या वर चढू नका. वरच्या स्लॅबखाली बोटभर फट ठेवून ती शेवटी, सवडीनं बुजवा. प्लास्टरची घाई नको. त्याआधी सांध्यावर फूटभर रुंदीची जाळी, दोन्हीकडे निम्मी-निम्मी.

एवढं करूनही केसाएवढी रेघ येऊ शकते. म्हणून कोपऱ्यात प्लास्टर ओलं असतानाच थापीच्या धारेनं सरळ उभी खाच ओढून घ्या. भेग आलीच तर त्या खाचेत लपेल. रंगारी ती पुट्टीनं बुजवायला निघेल, त्याला आधीच बजावून ठेवा.

भिंत वरच्या मजल्यावर असेल तर खाली तुळई आहे का, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय पहिला ब्लॉकही ठेवू नका. आणि दार जुन्या भिंतीला चिकटून काढलं असेल तर निदान एक अख्खा ब्लॉक, म्हणजे दोन फूट, पुढे सरकवा. दार आपटलं की पहिला दणका त्या सांध्यालाच बसतो.