आजी-आजोबांची दुपार: रॉयल कॅरिबियन की सेलेब्रिटी?

नमस्कार. आपला प्रश्न मी असा समजलो आहे. आपण न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर राहता, मुले ११ आणि ६ वर्षांची आहेत, पुण्याहून आई-वडील आले आहेत आणि नाताळच्या सुट्टीत सहा जणांनी मिळून फ्लोरिडाहून कॅरिबियन बेटांची ७ रात्रींची क्रूझ करायची आहे. समोर दोन जहाजे आहेत: रॉयल कॅरिबियनचे ‘आयकॉन ऑफ द सीज’ आणि सेलेब्रिटी क्रूझेसचे ‘सेलेब्रिटी बियाँड’. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, आई शुद्ध शाकाहारी आहेत, आणि एजंटने ‘मुलांचा विचार केला तर रॉयल, मोठ्यांचा केला तर सेलेब्रिटी’ असे सांगून आपल्याला अधिकच पेचात टाकले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या जागी मी असतो तर आयकॉन घेतले असते, आणि ते मुलांपेक्षाही आई-वडिलांसाठी घेतले असते. हे उलटे वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सासू-सासरे आणि मुले अशा तीन पिढ्यांना घेऊन मी आजवर चार वेळा क्रूझ केली आहे. सकाळ कशीही निघून जाते, संध्याकाळी जेवण आणि कार्यक्रम असतात; खरी परीक्षा असते ती जहाज दिवसभर समुद्रातच असते त्या दिवशीच्या दुपारी दोन ते पाच या वेळेची. एजंटच्या हिशोबात ही वेळ येत नाही. ज्या जहाजावर मुलांना करण्यासारखे पुरेसे नसते, तिथे मुले साडेतीन वाजता ‘कंटाळा आला’ म्हणत आजीच्या केबिनमध्ये येऊन बसतात, आई-बाबा सुट्टीवर असल्याने ती जबाबदारी आपोआप आजी-आजोबांवर पडते, आणि समुद्र बघत शांत बसण्यासाठी आणलेल्या माणसांची दुपार पत्ते पिसण्यात आणि भांडणे सोडवण्यात जाते. आमच्या पहिल्या क्रूझमध्ये नेमके हेच झाले. ते जहाज देखणे होते, शांत होते, सासऱ्यांना मनापासून आवडावे असे होते; पण त्या शांततेचा लाभ त्यांना एकही दिवस मिळाला नाही.

बियाँड हे अशाच प्रकारचे, प्रौढांच्या अभिरुचीचे जहाज आहे. त्यावर मुलांसाठी ‘कॅम्प ॲट सी’ हा विभाग आहे आणि तो चांगला आहे, परंतु जहाजावर पाण्याची एकही घसरगुंडी नाही. आयकॉनवर सहा घसरगुंड्यांचा वॉटर पार्क आहे, सात पोहण्याचे तलाव आहेत, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी ‘सर्फसाइड’ नावाचा स्वतंत्र भाग आहे, आणि ‘ॲडव्हेंचर ओशन’ या बालविभागात वयोगटानुसार कार्यक्रम चालू असतात. यांपैकी बहुतेक गोष्टी भाड्यातच येतात. आपली दोन्ही मुले तिथे गेली की जेवणाच्या वेळेपर्यंत दिसणार नाहीत. मग आजी-आजोबांसाठी उरते ते ‘सेंट्रल पार्क’. जहाजाच्या मध्यभागी, वरून आकाश उघडे असलेली, खऱ्या झाडांची ही बाग आहे, तिथे बाके आहेत, आणि घसरगुंड्यांवरचा आरडाओरडा तिथपर्यंत फारसा पोहोचत नाही. माझे सासरे सेंट्रल पार्क असलेल्या अशाच एका जहाजावर रोज चार वाजता स्वेटर घालून, कॉफीचा कप घेऊन तिथे बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळत. संभाजी बागेत बसल्यासारखे वाटते, असे ते म्हणाले होते. पुणेकराकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

‘एवढ्या मोठ्या जहाजावर गर्दी फार असेल’ ही आपली शंका रास्त आहे, परंतु तिच्यात थोडा हिशोब घालावा लागतो. आयकॉनचे एकूण टनेज २,४८,६६३ आहे आणि एका केबिनमध्ये दोघे धरले तर प्रवासी ५,६१०. बियाँडचे टनेज सुमारे १,४०,६०० आणि त्याच हिशोबाने प्रवासी ३,२६०. हे टनेज वजनाचे नसून जहाजाच्या आतल्या जागेचे माप असते, म्हणून भागाकार केला तर माणशी जागा कळते: आयकॉनवर सुमारे ४४, बियाँडवर सुमारे ४३. कागदावर फरक जवळजवळ नाहीच. मात्र आयकॉनची कमाल क्षमता ७,६०० आहे, आणि नाताळात केबिनमधील तिसरे-चौथे बिछाने मुलांनी भरलेले असतात, तेव्हा हाच आकडा ३३ च्या आसपास येतो. म्हणजे गर्दी होते ती जहाजामुळे कमी आणि आपण निवडलेल्या तारखांमुळे अधिक. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाता आले तर गर्दी आणि भाडे दोन्ही लक्षणीय उतरतात. मुलांची शाळा बुडवायची की नाही, हा मात्र आपल्या घरचा प्रश्न आहे.

गर्दीपेक्षा मला अंतराची काळजी अधिक वाटते. आयकॉनची लांबी सुमारे ३६५ मीटर आहे. केबिन एका टोकाला आणि जेवणाची जागा दुसऱ्या टोकाला असेल, तर वडिलांच्या गुडघ्याला दिवसातून चार-पाच वेळा ती चाल पडेल. त्यामुळे आई-वडिलांची केबिन जहाजाच्या मध्यभागी, लिफ्टजवळ आणि शक्यतो खालच्या मजल्यांपैकी एकावर घ्यावी. मध्यभागी आणि खाली जहाज हलते कमी, हा आणखी एक फायदा. ‘आम्ही कोणतीही केबिन देऊ’ अशा स्वस्त भाड्याचा मोह त्यांच्या बाबतीत टाळावा. तो आपल्या चौघांच्या केबिनसाठी राखून ठेवावा. आपली केबिन त्यांच्या शेजारीच हवी, हा आग्रहही धरू नये, कारण शेजारी केबिन असली की मुले पुन्हा तिथेच.

गुडघ्याचा विचार बंदरांच्या बाबतीतही करावा लागतो, आणि याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ग्रँड केमनला मोठ्या क्रूझ जहाजांसाठी धक्का नाही. जहाज समुद्रात उभे राहते आणि प्रवाशांना छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. जहाजातून हलत्या होडीत पाऊल टाकताना कर्मचारी दोन्ही हातांना धरतात हे खरे, पण गुडघ्याची खात्री नसलेला माणूस तिथे घाबरतो आणि बरेचदा जहाजावरच राहतो. बियाँडच्या आकाराच्या जहाजांच्या पश्चिम कॅरिबियन फेऱ्यांत ग्रँड केमन असू शकते. आयकॉनएवढी जहाजे अशा बंदरांना सहसा जातच नाहीत. सेंट मार्टेन, सेंट थॉमस, कोझुमेल, रोआतान या ठिकाणी ती धक्क्यालाच लागतात, आणि बहामातील कोकोके या रॉयलच्या स्वतःच्या बेटावरही धक्का आहे. त्या बेटावर किनारा, आरामखुर्च्या आणि बहुतेक खाणे भाड्यात असते. वॉटर पार्कचे मात्र वेगळे आणि भरपूर पैसे पडतात. आयकॉनवर सहा घसरगुंड्या फुकट असताना बेटावरच्या घसरगुंड्यांना पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि डिसेंबरअखेरीस बहामाचे पाणी आपल्या कोकणातल्या पाण्यासारखे कोमट नसते. पोहायची खरी मजा दक्षिणेकडे, सेंट थॉमस आणि सेंट मार्टेनला आहे, म्हणून मी पूर्वेकडचा मार्ग घेईन.

आता आईंचे जेवण. या बाबतीत दोन्ही कंपन्यांमध्ये काळजीचे कारण नाही. एक तर दोन्हींची मालकी एकाच समूहाकडे, रॉयल कॅरिबियन ग्रुपकडे आहे, आणि भारतीय शाकाहारी जेवणाची मागणी त्यांना नवीन नाही. बुफेमध्ये रोज काहीतरी वरण-भात-भाजीच्या जातीचे सापडते. परंतु मनासारखे जेवण मिळते ते मुख्य भोजनगृहात, हेड वेटरशी पहिल्याच रात्री बोलल्यावर. कांदा-लसूण चालते का, अंडे चालते का, उपवास कोणत्या दिवशी आहे, हे त्याला स्पष्ट सांगावे. पुढच्या दिवसाचा पदार्थ तो आदल्या रात्री विचारून जातो. त्यासाठी रोज तोच वेटर हवा, म्हणून ठरलेली वेळ आणि ठरलेले टेबल असलेली पद्धत घ्यावी. बियाँडवर मुख्य भोजनगृहे चार आहेत आणि रोज वेगळ्या ठिकाणी जेवण्याची हौस तिथे भागते, पण आईंसाठी ती हौस अडचणीची ठरेल.

या जहाजांवर गोव्याची आणि मुंबईची मुले मोठ्या संख्येने काम करतात. एका फेरीत आमचा वेटर वेंगुर्ल्याचा निघाला. सासूबाईंनी पहिल्या रात्री डाळ चमचाभर चाखली आणि काही न बोलता ताट जरासे दूर सारले. दुसऱ्या रात्री त्याने न सांगता एक छोटी बशी आणून ठेवली: उभ्या चिरलेल्या चार हिरव्या मिरच्या, लिंबाची फोड आणि बाजूला मिठाची चिमूट. पुढचे सहा दिवस ती बशी आमच्या आधी टेबलावर असे, आणि सासूबाई त्याच्या घरची चौकशी केल्याशिवाय उठत नसत.

घरचे काही नेणार असाल तर सीलबंद पाकिटातले न्यावे. घरी केलेले मेतकूट आणि चटणी बंदरावरच्या तपासणीत अडकू शकते. इलेक्ट्रिक किटली आणि छोटा राइस कुकर मुळीच नेऊ नये, कारण तापणारी उपकरणे जहाजावर निषिद्ध आहेत आणि ती काढून घेतली जातात. पहाटे साडेपाचला चहा लागणाऱ्यांसाठी उत्तम उपाय म्हणजे चांगला थर्मास: रात्री बुफेतून उकळते पाणी भरून आणावे.

खर्चाची तुलना करताना जाहिरातीतले भाडे पाहू नये. कर आणि बंदर शुल्क मिळवावे, मग बक्षिसी मिळवावी, जी दोन्हीकडे साध्या केबिनसाठी माणशी दिवसाला साडेअठरा डॉलरच्या आसपास आहे आणि लहान मुलांनाही लागू होते. सहा जणांचे सात दिवसांचे हे जवळपास ७८० डॉलर होतात. सेलेब्रिटीच्या भाड्यात पेये आणि वाय-फाय धरलेला प्रकारही मिळतो, त्यामुळे तो साध्या भाड्याशी ताडून पाहिला तर चित्र फसवे दिसते. आपल्या घरात पिणारे आपण एकटेच आहात, असे आपण लिहिले आहे. रॉयलमध्ये एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले की त्याच केबिनमधील २१ वर्षांवरील दुसऱ्या व्यक्तीलाही ते घ्यावे लागते, म्हणून पॅकेजच्या भानगडीत न पडता लागेल तसे पैसे द्यावेत. आठवडाभरात एकट्याने दोन पॅकेजांएवढे पिणे शक्य नसते, आणि शक्य असले तरी वडिलांसमोर ते शोभत नाही.

आता आपण न विचारलेली, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्या आणि पत्नीच्या पासपोर्टवरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली नाही ना, हे पैसे भरण्याआधी पाहा. आय-७९७ (अर्ज मंजुरीचा कागद) आणि आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची नोंद) वैध असले तरी तेवढ्यावर एच-१बी धारकाला बेटांवरून परत येता येत नाही. मुदत संपलेल्या शिक्क्यावर तीस दिवसांच्या आत परतण्याची जी सवलत आहे, ती एच-१बी आणि एच-४ (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांचा व्हिसा) साठी फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती विद्यार्थ्यांच्या ‘एफ’ आणि एक्स्चेंज कार्यक्रमांच्या ‘जे’ व्हिसालाच लागू होते. ‘आम्ही फक्त सेंट थॉमस आणि सान हुआनला जाऊ, ती तर अमेरिकेचीच’ हा युक्तिवादही टिकत नाही, कारण १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतताना मध्ये एखाद्या परदेशी बंदराला लागावेच लागते. आयकॉन बहामाच्या ध्वजाखाली आहे, बियाँड माल्टाच्या. आई-वडिलांचा व्हिसा अनेक प्रवेशांचा असला की त्यांची अडचण नाही, फक्त त्यांची विमा पॉलिसी अमेरिकेबाहेर आणि जहाजावरील दवाखान्यात चालते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. जहाजावरचा डॉक्टर बिल थेट केबिनच्या खात्यावर टाकतो, आणि विम्याचे पैसे नंतर आपल्यालाच मागावे लागतात.

शिक्का ठीक असेल तर आयकॉनची पूर्वेकडची फेरी आणि आई-वडिलांची मध्यभागची केबिन आधी पक्की करा. नेवार्कहून विमान मात्र आदल्या दिवशीचेच घ्या. डिसेंबरात बर्फामुळे उड्डाणे तासन्‌तास रखडतात आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. केबिनच्या दोन-तीन पर्यायांचे क्रमांक इथे लिहिलेत, तर जहाजाचा नकाशा पाहून लिफ्ट किती जवळ आहे ते सांगू शकेन.