'बहारवटिया'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: गुजराती लोककथेचं भाषांतर करताना 'बहारवटिया'साठी 'दरोडेखोर' चालेल का?

माझ्या मते नाही. आम्ही वडोदऱ्याची मराठी माणसं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती. त्यामुळे या शब्दातली 'वाट' आम्हाला लगेच ऐकू येते. बहार म्हणजे बाहेर. आपल्या 'वाटपाड्या'तही वाट आहे, पण तो वाटेवर बसून कोणालाही लुटतो. बहारवटिया वाट सोडून बाहेर पडलेला असतो, आणि त्याचं भांडण एका ठरावीक धन्याशी असतं.

काठियावाडात, म्हणजे आजच्या सौराष्ट्रात, एखाद्याचा गिरास, म्हणजे जमिनीवरचा वडिलोपार्जित हक्क, दरबाराने, म्हणजे तिथल्या संस्थानिकाने, बुडवला की तो गाव सोडून रानात, डोंगरात जाई. मग त्या दरबाराच्या मुलखातली गावं लुटी, गुरं वळवून नेई, शेतं ओस पाडी. महसूल बुडू लागला की दरबार समेटाला येई. गिरास परत मिळाला की हाही घरी परते. याला गुजरातीत 'बहारवटे चडवुं' म्हणतात. दरोडेखोराला अशी परतीची वाट नसते.

सरकारदरबारी मात्र तो लुटारूच. ओखामंडळ, म्हणजे द्वारकेभोवतालचा मुलूख, बडोद्याच्या गायकवाडांकडे होतं. तिथल्या वाघेर जमातीच्या लोकांनी 1859 मध्ये द्वारका आणि बेट द्वारका ताब्यात घेतलं, तेव्हा बडोद्याच्या आणि इंग्रजांच्या लेखी ते गुन्हेगार होते. त्यांचा पुढारी मुळू माणेक 1868 मध्ये मारला गेला. लोक त्याची गाणी अजून गातात. आणि याच काठियावाडात गायकवाडांची फौज खंडणीसाठी गावं उजाड करी, त्याला आपण 'मुलूखगिरी' म्हणत आलो. मराठी भाषकाने ही गोष्ट विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

गाण्यांमुळे सगळेच बहारवटिये थोर ठरत नाहीत. धन्यावरचा राग शेवटी कुणब्याच्या खळ्यावरच निघे.

मराठीत जवळचा शब्द 'बंडखोर', पण त्यात गाव सुटल्याची छटा नाही. 'परागंदा'त ती आहे, पण हत्यार नाही. म्हणून मी मूळ शब्दच ठेवेन. पहिल्यांदा येईल तिथे 'गिरासासाठी बाहेर पडलेला' एवढं जोडा. पुढे 'बहारवटिया' नुसताच चालेल.