वाचकांचे प्रश्न : चिऱ्याच्या आणि कुडाच्या भिंतीत विजेचे बॉक्स

प्रश्न : राजापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या बाहेरच्या भिंती मातीत बांधलेल्या चिऱ्यांच्या आहेत आणि आतल्या आडभिंती कुडाच्या आहेत. नव्या वायरिंगमधील दोन बॉक्स वर्षभरातच सैल झाले असून प्लग ओढला की बॉक्सच बाहेर येतो. भिंतींना इजा न होता ते पक्के कसे बसवावेत? – एक वाचक

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून हे बॉक्स दगडात बसलेले नसून गिलाव्यात आणि दोन चिऱ्यांमधल्या मातीत अडकवलेले असावेत, असे वाटते. माती वरून येणारा भार उत्तम सोसते, परंतु ओढ जवळजवळ सोसत नाही, आणि प्लग काढताना बॉक्सवर येते ती ओढच. म्हणून सांधा टाळून एकाच चिऱ्याच्या मधोमध जागा निवडावी. त्यासाठी प्रस्तावित ठिकाणचा गिलावा आधी थोडा खरवडून सांधे कुठे आहेत ते पाहावे लागते. हे काम कंटाळवाणे असले तरी त्याला पर्याय नाही.

खाच पाडताना ड्रिलचा ठोका बंद ठेवावा, कारण त्या हादऱ्यांनी आजूबाजूच्या सांध्यांतील माती सुटते. कडेने जवळजवळ भोके पाडून उरलेला भाग छिन्नीने हलक्या हाताने काढावा. खाच तोंडाशी बॉक्सपेक्षा थोडी मोठी आणि आत किंचित अधिक रुंद असावी. म्हणजे भरलेला मसाला वाळल्यावर पाचरीसारखा अडकून बसतो. चिरा ज्या जांभ्या दगडाचा असतो तो सच्छिद्र असल्यामुळे मसाल्यातील पाणी शोषून घेतो आणि मसाला कच्चा राहतो. त्यामुळे खाचेतील भुकटी ब्रशने पूर्ण झाडून ती भरपूर भिजवावी, आणि मगच एकास तीन प्रमाणातला सिमेंट-वाळूचा मसाला बॉक्सच्या मागे व चारही बाजूंना ठासून भरावा. केवळ गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची खुंटी) आणि स्क्रू यांवर विसंबू नये. ठिसूळ चिऱ्यात गिट्टी काही दिवसांनी जागच्या जागी फिरू लागते. मसाल्यावर काही दिवस पाणी मारावे आणि तोवर प्लेट बसवू नये. पाइपसाठीची झिरी उभीच घ्यावी, कारण आडवी झिरी भिंतीला अधिक दुबळी करते. पश्चिमेकडून पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीत शक्यतो बॉक्स घेऊच नये.

कुडाची गोष्ट अगदी वेगळी आहे. कारवीच्या काठ्या आणि त्यांवरचे शेणमातीचे लिंपण यांत बॉक्सचा भार पेलणारे काहीच नसते. शिवाय वाळलेली कारवी लवकर पेट घेते. तेथे खाच पाडण्याचा विचार सोडून द्यावा आणि दोन लाकडी खांबांच्या मध्ये सागाची जाड आडवी पट्टी स्क्रूने पक्की करून तिच्यावर उघड्या पद्धतीचा धातूचा बॉक्स बसवावा, म्हणजे ओढ खांबांवर जाते आणि कुडाला धक्काही लागत नाही. लाकूड आणि बॉक्स यांच्यामध्ये सिमेंट शीटचा तुकडा ठेवल्यास उष्णतेपासून संरक्षण मिळते. तारा उंदरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून त्या भिंतीवरून पाइपमधूनच न्याव्यात आणि प्रत्येक जोड बॉक्सच्या आतच ठेवावा.

धातूच्या प्रत्येक बॉक्सला अर्थिंगची तार जोडलेली असलीच पाहिजे, आणि घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. ओल धरणाऱ्या भिंतींच्या घरात याबाबत तडजोड करू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. खाच पाडणे व मसाला भरणे गवंड्याकडून करून घेता येईल; मात्र मुख्य पुरवठा बंद करून तारा जोडण्याचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. १६ अँपिअरचा सॉकेट मात्र कुडाच्या भिंतीवर घेऊच नये. त्याचा प्लग घट्ट बसतो व काढताना जोर लावावा लागतो, म्हणून तो चिऱ्याच्या भिंतीवरच असावा, मग त्यासाठी फ्रिजची जागा बदलावी लागली तरी चालेल.