न्हाणी नवी करताय? आधी टाकीवर चढा

प्रश्न : नमस्कार भाई. आमचं घर गोव्यात मांद्र्याला, समुद्र चालत दहा मिनिटांवर. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, जुनं घर आहे, वर स्लॅब नंतर घातला, स्लॅबवर हजार लिटरची टाकी. न्हाणी आणि संडास एकत्र करून गणेशचवथीच्या आधी नवं बाथरूम करायचंय. मुलगा पुण्याला असतो, त्याने फोनवर फोटो पाठवलेत, काळा मॅट शॉवर, डोक्यावर मोठी चौकोनी थाळी, नळाचं सगळं भिंतीच्या आत आणि कमोड भिंतीला लटकणारा. म्हापशाला शोरूममध्ये गेलो तर तिथेही तेच दाखवलं. पाणी थोडं सरकारी नळाचं, थोडं विहिरीचं. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्या म्हणतात मला बालदी आणि तांब्या पुरे आणि न्हाणीतलं भाण (आंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भांडं) कोणी हलवायचं नाही. काय घ्यावं, काय सोडावं, डोकंच चालेनासं झालंय. – एक वाचक भगिनी, मांद्रे

उत्तर : ताई, शोरूमला परत जायच्या आधी एक काम करा. मेस्ताला, म्हणजे मिस्त्रीला, टेप घेऊन टाकीपाशी चढवा आणि टाकीच्या तळापासून शॉवर जिथे येणार तिथपर्यंत सरळ खाली किती फूट भरतात ते मोजून घ्या. तुमच्यासारख्या एकमजली घरात हिशेब साधारण असा येतो, स्लॅब दहा फुटांवर, टाकीचा कट्टा दोन-तीन फूट, शॉवर सात फुटांवर, म्हणजे हातात राहिले पाच-सहा फूट. टाकीच्या पाण्याचं प्रेशर म्हणजे ही उंचीच, दुसरं काही नाही. दहा मीटरला, म्हणजे जवळजवळ ३३ फुटांना, एक बार प्रेशर मिळतं. तुमच्या सहा फुटांना ०.२ बारसुद्धा पुरतं होत नाही. आणि ती फोटोतली थाळी नीट चालायला बहुतेक वेळा निदान अर्धा ते एक बार लागतो, कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगतही नाही. पंपाशिवाय ती लावलीत तर मधल्या चार भोकांतून थेंब गळतील आणि सासूबाई म्हणतील, बघ, म्हणून मी तांब्या सोडत नव्हते.

पंप लावता येतो, छोटा प्रेशर पंप मिळतो, टाकीच्या आउटलेटला बसतो. पण लावायचाच तर बायपास लाईन (पंप टाळून जाणारा पाईप) आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट जाऊ न देणारा) त्याच दिवशी टाकून घ्या, नंतर नाही. जूनमध्ये पहिला वारा सुटला, माडाचं झाप तारेवर पडलं की आपल्याकडे लाईट जाते हे तुम्हाला मी काय सांगू, आणि बायपास नसेल तर टाकी भरलेली आणि अंगाला साबण अशी गत होते. सरकारी लाईनला थेट पंप मात्र लावू नका, एक तर ते चालत नाही आणि शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं ते वेगळंच. पंप नको असेल तर चार इंची साधा शॉवर घ्या आणि टाकीपासून बाथरूमपर्यंत पाईप एक इंची आणा, अर्ध्या इंचावर फक्त शेवटच्या टोकाला उतरा. लांबून अर्ध्या इंचाच्या पाईपने आणलं की आधीच कमी असलेलं प्रेशर वाटेतच मरतं. टाकीचा कट्टा तीन फूट वाढवला तरी मिळणार ०.१ बार, म्हणजे खर्चाच्या मानाने काही हाती लागत नाही.

आता पाणी. हे मी मुद्दाम जरा लांबवतोय कारण इंटरनेटवरचे सगळे सल्ले घाटावरच्या बोअरच्या पाण्याचे असतात, तिकडे पाणी जड, नळावर पांढरे क्षार धरतात, शॉवरची भोकं बुजतात. आपलं उलट आहे. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरीचं पाणी हलकं असतं आणि जरा आंबटाकडे झुकलेलं, त्यामुळे पांढरं काही धरत नाही पण असं पाणी पितळ आणि तांबं हळूहळू खातं. बेसिनमध्ये नळाच्या खाली हिरवट-निळी रेघ उमटलेली बघितली असेल, ती हीच. आणि कमोडमध्ये मागच्या बाजूने उतरणारी तांबूस रेघ असते ती लोहाची, चिरा लाल का, तर त्यातल्या लोखंडामुळेच, तेच थोडं पाण्यात उतरतं. त्या रेघेवर लोक ब्लीच ओततात, त्याने डाग अजून पक्का होतो. भाण आपण चिंचेने घासतो ना, तसंच इथेही आंबट काहीतरी लागतं, लिंबूसत्त्व पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, पण फक्त चिनीमातीवर, नळावर नाही. विहिरीच्या पाण्याबरोबर बारीक रेती पण येते आणि आजच्या क्वार्टर-टर्न, म्हणजे पाव फेरीत उघडणाऱ्या, नळांच्या आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत असतात, मध्ये रेतीचा कण गेला की ओरखडा, आणि मग नळ कितीही आवळा, थेंब थांबत नाही. म्हणून टाकीत येणाऱ्या लाईनला थोड्या पैशांत मिळणारा जाळीचा फिल्टर बसवा, महिन्यातून एकदा धुवा. हा खर्च मी कुठल्याही शोरूमच्या बिलाच्या आधी धरतो.

खाऱ्या हवेबद्दल. समुद्रापासून दहा मिनिटं म्हणजे मीठ घरात येतंच, खिडकीचे बोल्ट बघा म्हणजे कळेल. काळा मॅट रंग दोन तऱ्हेचा असतो, एक नुसता वरून मारलेला आणि दुसरा पीव्हीडी म्हणून जो प्रकार आहे तो, त्यात धातूची वाफ करून थर चढवतात. पहिला कडांवर उडतो आणि खालून पांढरं डोकावतं. पीव्हीडी टिकतो पण महाग. माझं मत विचाराल तर चांगल्या जाडीचं साधं क्रोम घ्या, रोज फडक्याने कोरडं पुसा, मुलाला काळाच हवा असेल तर टॉवेल रॉड काळा घेऊ दे, त्याचंही मन राहील. रॉड, जाळ्या, स्क्रू हे स्टीलचे घेताना ३०४ नको, ३१६ मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं, मिठाला ते जास्त दाद देत नाही. दुकानदार म्हणेल सगळं स्टील एकच. नाही.

क्रोमवरून आठवलं. आमच्या स्वतःच्या घरी, चवथीला पाच दिवस राहिलेले, नळ-शॉवर सगळं चकचकीत बसवून झालं आणि दुसऱ्या दिवशी मी बाहेर गेलो असताना टाइल्सवाल्याने सांध्यांतलं सिमेंट काढायला ऍसिड ओतून दार लावून घेतलं. नळाला एक थेंब लागला नव्हता. नुसत्या वाफेने. संध्याकाळी येऊन बघतो तर बिब कॉक, शॉवरचा दांडा, हेल्थ फॉसेटचं डोकं, सगळ्यावर धुक्यासारखा पांढुरका थर, बोटाने पुसला तर बोटाखाली खरखरीत, आणि तो आजतागायत गेलेला नाही. हा माझा धंदा असून माझ्या घरी ही तऱ्हा. तेव्हा ताई, ऍसिडने धुणं आधी, दोन बालद्या पाणी ओतून, खिडकी उघडून वास पूर्ण गेला की मगच नळ पेटीतून बाहेर काढायचे. तोवर पाईपच्या तोंडाला प्लग.

भिंतीच्या आत लपवायचं म्हणताय तर एवढंच सांगतो की आतली बॉडी एका कंपनीची घेतली की बाहेरची प्लेट आणि लिव्हर जन्मभर त्याच कंपनीचं लागतं, आणि दहा वर्षांनी ते मॉडेल मिळालं नाही तर टाइल्स फोडा. त्यापेक्षा भिंतीबाहेरचा वॉल मिक्सर, त्याचे गरम-थंड दोन पॉईंट सहा इंचांवर असतात, हे माप जवळजवळ सगळ्यांचं सारखं, उद्या कुठल्याही कंपनीचा आणून बसवता येतो. चिऱ्यात झिरी मारणं सोपं असतं म्हणून मेस्त उत्साहाने खणत जातो, पण चिरा भुगा होतो, पाईप नीट जखडून वर सिमेंट भरून घ्या. आणि टाइल्स चढायच्या आधी सगळ्या लाईनला हातपंपाने प्रेशर टेस्ट, काटा निदान दोन तास हलता कामा नये, तुम्ही स्वतः समोर बसा.

लटकणारा कमोड चिऱ्याच्या भिंतीला डायरेक्ट बोल्टवर अजिबात नको. चिरा सच्छिद्र, बोल्टची पकड सुटते. लावायचाच तर लोखंडी फ्रेम जमिनीवर उभी करून, म्हणजे वजन फरशीवर येतं. पण ऐंशीच्या बाईंसाठी मी जमिनीवर बसणाराच घेईन, सीट जमिनीपासून १७-१८ इंच, आणि बाजूला धरायला दांडा. दांड्याच्या मागे चिरा पोखरून काँक्रीटचा ठोकळा भरून घ्या आत्ताच, दांडा नंतर लावला तरी चालेल. फ्लश तीन-सहा लिटरचा दोन बटणांचा.

राहिलं सासूबाईंचं. त्यांच्यासाठी बालदीचा नळ जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर, तोंडाला जाळी नसलेला, पूर्ण धारेचा, कारण जाळीवाला नळ कमी प्रेशरला बालदी भरायला पाच मिनिटं घेतो. आणि भाण हलवू नका. नव्या बाथरूममध्ये धूर नको हे खरं, पण मागच्या पडवीत चूल असेल तर तिथे राहू दे, गीझर आहे तोवर आहे, चवथीला वीस माणसं आंघोळीला उभी राहिली की पंचवीस लिटरचा गीझर कुठे पुरतो?

प्रश्न : फोंड्याला फ्लॅट. जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स लावल्या आणि ऑनलाइन वन-पीस कमोड मागवला. आता तो भिंतीला टेकतो आणि भोकावर बसत नाही. प्लंबर म्हणतो जमिनीतलं फोडू. – एक वाचक

उत्तर : फोडू नका, खालच्या फ्लॅटवाल्याशी भांडण लागेल. कमोडचं माप भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत, आणि ते नव्या टाइल्सच्या तोंडापासून घ्यायचं असतं. तुमचं बहुधा जुन्या भिंतीपासून नऊ इंच होतं, टाइल आणि खालचा मसाला मिळून पाऊण-एक इंच गेला, राहिले आठ-सव्वाआठ. विकणारा परत घेत असेल तर बदलून घ्या. नसेल होत तर ऑफसेट कनेक्टर म्हणून तिरका रबरी तुकडा मिळतो, थोडा फरक तो खातो, फक्त घेण्याआधी तुमचा फरक किती इंचाचा ते मोजा. जाता जाता, जमिनीतल्या जाळीखाली जो ट्रॅप असतो त्याला आख्ख्या देशातले प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात, दिल्लीतसुद्धा, आपल्याच न्हाणीवरून. त्यात दोन इंच पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर वास येतो. गावी महिनाभर जाताना त्यात एक तांब्या पाणी ओतून जा.

प्रश्न : दुकानदार म्हणतो नळ पितळेचा, पण ओळखायचं कसं? लोहचुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही. – एक वाचक, डिचोली

उत्तर : चुंबक झिंकलाही चिकटत नाही, त्याने काही सिद्ध होत नाही. नळ हातात घेऊन वजन बघा आणि मागच्या आट्यांत डोकवा, तिथे प्लेटिंग बहुतेक पोचत नाही, पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर झिंक. लिव्हर झिंकचा असला तरी चालतो, बॉडी नको. दोन कार्ट्रिज (नळाच्या आतला चकत्यांचा भाग) जास्तीचे त्याच दिवशी घेऊन ठेवा. आणि जुने नळ मेस्ताला फुकट देऊ नका, भंगारात पितळेला चांगला भाव येतो, आधी वजन करून घ्या.