वाचकांचे प्रश्न : आठवीच्या मुलीने १८५७ विषयी काय वाचावे?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे. इतिहासाच्या बाईंनी १८५७ च्या लढ्यावर पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पुस्तक स्वतः वाचून दोन पानी टिपण लिहायला सांगितले आहे. तिने वाचनालयातून विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ आणले. पण भाषा जड जाते, आणि बाई ज्याला स्वातंत्र्यलढा म्हणतात त्याला लेखक बंड म्हणतो, म्हणून ती गोंधळली आहे. त्याऐवजी झाशीच्या राणीवरील एखादी कादंबरी द्यावी काय?
— एक पालक, मुलुंड

उत्तर : पुस्तक बदलू नये, मात्र ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घेण्याचा हट्ट सोडावा. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक कर्जाला कंटाळून, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके धामधुमीत सापडले. लढायला नव्हे, तर चार पैसे मिळवायला निघालेला माणूस युद्ध कसे पाहतो, हे कादंबरीत सहसा हाती लागत नाही.

सुरुवातीची काही पाने आणि झाशीचे प्रकरण एवढे वाचले तरी टिपणापुरते पुष्कळ आहे. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीला वेढा घातला, १ एप्रिलला बेतवाकाठी तात्या टोपे यांचा पराभव झाला आणि ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. गोडसे तेव्हा शहरातच होते. त्यानंतरच्या लुटीचे आणि कत्तलीचे वर्णन अंगावर येणारे आहे, म्हणून ती पाने आपण आधी वाचावीत व मुलीबरोबर बसूनच पुढे जावे. झाशी पडल्यावर वाटेत एका विहिरीवर तहानलेली राणी त्यांना भेटते आणि विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून स्वतःच दोर-मडके हाती घेते, तो प्रसंग तिला मोठ्याने वाचायला लावावा. भाषा जड आहे हा समज तिथेच बराचसा ओसरेल, कारण ती मुळात घरात बसून सांगितलेल्या हकिकतीची भाषा आहे.

‘बंड’ या शब्दाने बिचकू नये. त्या काळच्या मराठीत सत्तेविरुद्धच्या उठावाला हाच रूढ शब्द होता. उमाजी नाईकांच्या उठावालाही बंडच म्हणत. ‘स्वातंत्र्यलढा’ हे नाव त्या घटनांकडे पाहण्याच्या नंतरच्या दृष्टीतून आले. हा फरक मुलीला टोचला, हेच तिच्या टिपणाचे उत्तम पहिले वाक्य होऊ शकेल.

आणखी एक खबरदारी. गोडसे यांनी हे सारे सुमारे पंचवीस वर्षांनंतर, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिले, आणि वैद्यांनी ते १९०७ मध्ये आपल्या संपादनाखाली छापले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती नंतरची आहे. वाचनालयातली प्रत कोणती, हे आधी पाहावे. वहीत दोन रकाने आखून एकात गोडसे यांनी डोळ्यांनी पाहिलेले आणि दुसऱ्यात कानांनी ऐकलेले लिहायला सांगावे. वेढा पहिल्या रकान्यात जाईल. जून १८५८ मधला ग्वाल्हेरजवळचा राणीचा अंत दुसऱ्यात. काडतुसांची गोष्ट कुठे घालायची, यावर मायलेकींचा थोडा वाद होईल, तो होऊ द्यावा.