खालच्या अंगाची भुणभुण: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळच्या टपालात एकाच तक्रारीची चार पत्रं निघाली. ओटीपोटाच्या खाली, जांघेत किंवा गुदद्वाराजवळ भुणभुण, थरथर, फडफड होते. दुखत नाही, पण स्वस्थ बसू देत नाही आणि तपासण्यांत काही सापडत नाही. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. उत्तरं मूत्रविकार, स्त्रीरोग आणि फिजिओथेरपी या शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न: वय ३८, हिंजवडीत नोकरी. सहा महिन्यांपासून वृषणांच्या मागे मोबाइल व्हायब्रेट व्हावा तसं होतं. तीन-चार सेकंद होतं, थांबतं, पुन्हा सुरू. बसलं की जास्त. सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी नॉर्मल. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. योगवर्गात मूलबंध (गुदद्वाराजवळचे स्नायू आत आवळून धरणं) सुरू केला तर उलट वाढलंय. हे मोठ्या आजाराचं लक्षण आहे का?

उत्तर: आधी अँटिबायोटिकचं. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू वाढलेले नसतील, ताप नसेल, लघवीला जळजळ नसेल, तर तिसरा कोर्स घेऊ नका. त्याने पोट बिघडेल, बद्धकोष्ठ किंवा जुलाब लागतील आणि मूळ तक्रारीत भरच पडेल.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी आमच्या दृष्टीने सगळ्यात कामाच्या आहेत: बसल्यावर वाढतं आणि मूलबंधाने वाढलं. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक पडदा असतो. मूत्राशय आणि गुदाशय त्याच्यावर तोललेले असतात. दिवसभर बसणं, कुंथणं, लघवी दाबून ठेवणं, पोट आत ओढून चालण्याची सवय, कामाचा ताण, यांतल्या कशानेही हा पडदा आवळलेलाच राहतो. दमलेला स्नायू मग आपोआप फडफडतो. जागरणानंतर पापणी लवते, तोच प्रकार. याच भागाला संवेदना पुरवणारी प्युडेंडल नावाची नस बैठकीच्या हाडाजवळून एका अरुंद वाटेने पुढे येते. बसून बसून तीही चेपते आणि भुणभुण, जळजळ, मुंग्या असे संदेश पाठवते. कमोडच्या सीटवर बसल्यावर बरं वाटत असेल आणि साध्या खुर्चीवर वाढत असेल, तर नसेचा संशय अधिक, कारण कमोडवर मधल्या भागावर दाब येत नाही.

म्हणून मूलबंध, अश्विनी मुद्रा, केगेल (हेच स्नायू आवळण्या-सोडण्याचे व्यायाम), लघवीची धार मध्येच थांबवण्याचा ‘सराव’ हे सगळं सध्या बंद. सैल पडलेल्या स्नायूंना हे व्यायाम उपयोगी पडतात. तुमचे स्नायू आवळलेले दिसतात आणि त्यांना आणखी आवळायला लावलं की असंच होतं. तुम्हाला ढील द्यायला शिकायचं आहे, आणि ते ऐकायला वाटतं तितकं सोपं नाही.

पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, गुडघे काटकोनात. एक हात पोटावर. चार सेकंद श्वास घ्या; पोट वर येऊ द्या आणि त्याच वेळी लघवी सुरू होताना खाली जसं सैल वाटतं तसं वाटू द्या. जोर लावून खाली ढकलायचं नाही. सहा सेकंदांत श्वास सोडा. सोडताना गुदद्वार आपसूक आवळलं जातंय का, याकडे लक्ष ठेवा. बहुतेकांची चूक इथेच होते. रोज दोन वेळा, पाच-पाच मिनिटं. त्यानंतर बालासन किंवा सुप्त बद्धकोणासन, गुडघ्यांखाली उशा घेऊन, प्रत्येकी एक-दोन मिनिटं. रात्री टबमध्ये सोसवेल इतक्या कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं बसलात तर चालेल. मधुमेह असेल तर पाण्याचा अंदाज पायाने न घेता कोपराने घ्या.

ऑफिसात दर ३०-४० मिनिटांनी उठा. मधला भाग मोकळा राहील अशी यू आकाराची उशी घ्या. विकत घेण्याआधी घरीच बघा: दोन टॉवेलांच्या घट्ट गुंडाळ्या करून एकेक बैठकीच्या हाडाखाली पुढून मागे अशी आडवी ठेवायची, मध्ये जागा रिकामी. दहा मिनिटांत भुणभुण कमी झाली तर उशीवर पैसे घालायला हरकत नाही. मेदूवड्यासारखी गोल उशी मात्र नको, तिच्यात मधला भाग खाली लोंबतो आणि ताण येतो.

शौचाला कुंथू नका. कमोड असेल तर पायांखाली १५-२० सेंटिमीटर उंचीचं स्टूल घ्या. इसबगोल रात्री एक चमचा, पण पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर. कमी पाण्यात घेतलं तर तेच अडकून बसतं. लघवी दोन-तीन तासांनी करा, दर अर्ध्या तासाने ‘खबरदारी म्हणून’ जायचं नाही. अमृततुल्यच्या चहाच्या फेऱ्या दिवसाला दोनवर आणा, पण हळूहळू, एकदम तोडल्या तर डोकं धरतं.

एवढं करून साधारण दीड ते तीन महिन्यांत उतार पडायला हवा. पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे याच स्नायूंच्या पडद्याचं, खास प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट मिळाला तर लवकर. तो किंवा ती हातमोजा घालून एका बोटाने आतून स्नायू तपासू शकते. त्याआधी तुमची संमती घेतलीच पाहिजे आणि तुम्ही नाही म्हणू शकता.

मोठ्या आजाराचं विचारलंत. नुसती भुणभुण, बाकी काही नाही, अशा वेळी घाबरण्याचं कारण सहसा नसतं. पण शौचानंतर धुताना पाण्याचा स्पर्श नेहमीसारखा कळत नसेल, लघवी तुंबली असेल किंवा नकळत होत असेल, शौचावरचा ताबा सुटला असेल, दोन्ही पायांत जोर कमी झाला असेल, तर कण्याच्या तळाच्या नसा दबल्याचा संशय घ्यायचा. त्यात तास मोजले जातात. रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा किंवा ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.

प्रश्न: वय ५४, सदाशिव पेठ. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. योनीच्या आसपास सतत थरथर, कधीकधी नको तेव्हा शरीर ‘जागं’ झाल्यासारखं वाटतं. मनात तसलं काहीही नसतं. लाजेने यजमानांनाही सांगितलेलं नाही.

उत्तर: ताई, हे तुमच्या मनाचं किंवा चारित्र्याचं काही नाही. इच्छा नसताना जननेंद्रियांत उत्तेजनेची संवेदना टिकून राहणं ही नोंदलेली वैद्यकीय स्थिती आहे. २००१ मध्ये तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापून आलं. स्त्रीरोगतज्ज्ञाला हेच वाक्य सांगा: ‘इच्छा नसताना होतं आणि थांबवता येत नाही.’ समोर बसून बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

पाळी गेल्यावर योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, नसा चटकन चिडतात. तपासणीनंतर डॉक्टर स्थानिक इस्ट्रोजेन मलम देऊ शकतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगायचं. साबण, सुगंधी वॉश, डेटॉलचं पाणी आजपासून बंद. साधं पाणी पुरे. नैराश्यावरची गोळी नुकतीच सुरू केली किंवा अचानक सोडली, तरी ही तक्रार उद्भवू शकते, तेव्हा गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या आणि स्वतःहून काही बंद करू नका. क्वचित त्रिकास्थीतल्या (माकडहाडाच्या वरच्या हाडातल्या) नसांच्या मुळांवर पाण्याच्या गाठी असतात, त्या एमआरआयमध्ये दिसतात. पाळी गेल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तो स्वतंत्रपणे आणि लगेच दाखवायचा.

वरच्या उत्तरातला श्वासाचा व्यायाम तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न: दर रविवारी कोथरूडहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल. परत आल्यावर दोन तास खाली बधिर आणि भुणभुण. सायकल सोडावी लागेल?

उत्तर: सायकल नको सोडायला, सीट बदला. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर आधी समतल करा, तरीही त्रास झाला तर किंचित खाली. सीटची रुंदी तुमच्या बैठकीच्या दोन हाडांना आधार देईल एवढी हवी. फार मऊ जेलची सीट फसवी, हाडं आत रुततात आणि मधला भाग वर दाबला जातो. हँडल फार खाली असेल तर वजन पुढे सरकतं, ते वर घ्या. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पेडलवर उभं राहून चालवा. बधिरपणा आला की तिथेच उतरायचं, ‘घरी जाऊन बघू’ नाही. इतकं करूनही बधिरपणा दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकला किंवा लैंगिक ताठरता कमी वाटली, तर सायकल बंद ठेवून मूत्रविकारतज्ज्ञाला भेटा.

प्रश्न: वय ४६, धनकवडी. शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. जांघेत आणि तळपायांत भुणभुण होते. केमिस्टने ‘नसांची गोळी’ दिली, चार महिने घेतोय. रात्री पलंगावर पडल्यावर तर पलंगच थरथरतोय असं वाटतं.

उत्तर: पलंगाचं आधी. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची किंवा भिंतीपलीकडच्या फ्रिजची थरथर लाद्यांतून पलंगापर्यंत पोचते. एक रात्र दुसऱ्या खोलीत जमिनीवर झोपून बघा. मोबाइल खिशातून काढून ठेवूनही दिवसा भुणभुण होते का, हेही तपासा. न वाजलेला फोन वाजल्याचा भास अनेकांना होतो.

तुमच्या तळपायांतही होतंय, म्हणून हे फक्त ओटीपोटाचं नाही. मांस-मासे नाहीत, त्यात मेटफॉर्मिन. दोन्हींमुळे बी-१२ घटू शकतं. बी-१२, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड आणि क्रिएटिनिन तपासा. बी-१२ साधारणपणे २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० हा सीमेवरचा आकडा, तो लक्षणांबरोबर वाचावा लागतो. घोळ असा की तुमच्या गोळीत बी-१२ असेल तर अहवालात आकडा चांगला दिसेल आणि खरी स्थिती कळणार नाही. किती दिवस, काय घेतलं ते डॉक्टरांना सांगा.

आणि पाकिटाची मागची बाजू वाचा. ‘पायरिडॉक्सिन’ म्हणजे बी-६. रोज ५० किंवा १०० मिलिग्रॅम महिनोन्‌महिने पोटात गेलं तर तेच नसांना इजा करू शकतं आणि मुंग्या, भुणभुण आणू शकतं. म्हणजे औषधानेच रोग. ‘प्रेगाबालिन’ लिहिलेलं असेल तर ती गोळी झोप आणते, ती घेऊन स्कूटर चालवू नका आणि एकदम थांबवूही नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा उतरवत न्या. मेटफॉर्मिनही परस्पर बंद करायचं नाही. बी-१२ कमी निघालं तर इंजेक्शन की गोळी, ते आकडा आणि लक्षणं बघून ठरेल. नसा सावरायला काही महिने लागतात, पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून उपचार सोडू नका.