अवघड ओरिगामीच्या आकृत्या वाचताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या जपानी पुस्तकात डोंगरघडीची (कड वर उचललेली राहते त्या घडीची) रेषा ‘एक रेघ, एक ठिपका’ अशी आहे, तर इंग्रजी पुस्तकात दोन ठिपके आहेत. या वेगळ्या घड्या आहेत का?

नाही, घडी एकच आहे. बाण आणि तुटक रेषांची ही पद्धत जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावा यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून मांडली आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी सॅम्युएल रँडलेट व रॉबर्ट हार्बिन या ओरिगामी-लेखकांमुळे ती पाश्चात्त्य देशांत रुजली. ठिपक्यांचा फरक या दोन परंपरांतला आहे. दरीघडी (कड खाली खोलगट जाते ती घडी) दोन्हीकडे नुसत्या तुटक रेघांनीच दाखवतात. निव्वळ ठिपक्यांची रेषा मात्र सहसा मागे दडलेली कडा दाखवते, तेव्हा तिच्यावर घडी घालू नये.

प्रश्न : ‘टोक आत ढकला’ एवढीच सूचना आणि एक बाण आहे. हा सिंक (टोक थरांच्या आत बुडवणारी घडी) उघडा की बंद, हे कसे ओळखावे?

याचे उत्तर बहुधा त्या पायरीत नसतेच. ते पुढच्या दोन-तीन आकृत्यांत शोधावे लागते. बंद सिंकमध्ये थर एकमेकांत अडकून बसतात, म्हणून पुढे त्याच जागचा थर पुस्तकाच्या पानासारखा उलटायला सांगितला असेल, तर तो सिंक उघडाच असला पाहिजे.

उघडा सिंक करताना तेवढा भाग पूर्ण उलगडावा. वॉटरबॉम्ब बेसचे (चौरस कागद मिटून केलेल्या त्रिकोणी पायाभूत आकाराचे) टोक घेतले, तर सर्व थरांतून आडवी घडी पक्की दाबून कागद उघडल्यावर मध्यभागी लहान चौरस दिसतो. बेसची बाहेरची बाजू वर ठेवून या चौरसाच्या चारही बाजू डोंगरघड्या करायच्या, चौरसाच्या आतल्या घड्यांची दिशा उलटायची आणि मगच बेस पुन्हा मिटायचा. एक बाजू जरी दरी राहिली, तरी टोक अर्धवट जाऊन कागद चुरगळतो. बंद सिंकमध्ये चौरसाची ही कड काही भागात डोंगर आणि काही भागात दरी अशी मिश्र असते, आणि टोक सपाट उलगडत नाही. पोटात बोथट काडी घालून ते हळूहळू आत लोटावे लागते. दोन्हींना एकच बाण वापरून शब्दांतही भेद न सांगणे हा, माझ्या मते, आकृती काढणाऱ्याचाच आळस आहे.

प्रश्न : एका आकृतीत रेषांचे जाळे आहे आणि पुढच्या आकृतीत थेट तयार बेस! मधले काहीच दाखवलेले नाही.

अनेक घड्या एकाच पायरीत मिटवायच्या अशा पायरीला ओरिगामीकार ‘कोलॅप्स’ म्हणतात, आणि येथे घाई सर्वांत महागात पडते. आधी रेषा तपासाव्यात. जपानी ओरिगामीकार जुन माएकावा यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा, की सपाट मिटणाऱ्या कागदाच्या आतल्या कोणत्याही बिंदूपाशी मिळणाऱ्या डोंगर आणि दरी घड्यांच्या संख्येत नेमका दोनचा फरक असतो. वॉटरबॉम्ब बेसच्या मध्यबिंदूपाशी एका प्रकारच्या चार आणि दुसऱ्या प्रकारच्या दोन घड्या असतात. तुमच्या आकृतीत एखाद्या बिंदूपाशी तीन आणि तीन आल्या, तर रेषा चुकीची छापली गेली आहे, तुमच्याकडून एखादी वाचायची राहिली आहे, किंवा तो बेस सपाट नाही. मोजताना बारीक अखंड रेषा वगळाव्यात, कारण त्या जुन्या घड्यांच्या खुणा असतात. अर्थात संख्या जुळली म्हणजे घडी जमलीच असे नाही. थरांचा क्रम हा नियम सांगत नाही.

त्यासाठी सरावाच्या कागदाच्या चार कोपऱ्यांवर पेन्सिलीने अ, ब, क, ड लिहावे आणि यांतला प्रत्येक कोपरा पुढच्या आकृतीत कोठे पोहोचला आहे, ते आधी ठरवावे. नंतर सर्व घड्या एकदम न दाबता अर्ध्याच वाकवून कागद उभा राहू द्यावा, कोपरे आपापल्या जागी सरकले की शेवटी सपाट करावा.

प्रश्न : घडी कोठून सुरू करायची, याची खूणच नसेल तर?

पुढच्या आकृतीत नवी कडा एखाद्या कोपऱ्यातून किंवा जुन्या घडीच्या छेदनबिंदूतून जाते का, ते पट्टी लावून पाहावे. बऱ्याच रचना २२.५ अंशांच्या कोनांवर बेतलेल्या असतात, त्यामुळे कोन दुभागून पाहण्यानेही पुष्कळदा उलगडा होतो. तरीही काही सापडले नाही आणि पायरी कान, पाय किंवा शेपटीला आकार देण्याची असेल, तर ती अंदाजानेच घालायची असते. बेस तयार होण्याआधीच्या पायरीत मात्र अंदाज चालवू नये. तेथे खूण दिसत नसेल, तर आधीची एखादी घडी घालायची राहिली आहे का, ते मागे जाऊन पाहावे.